आधीचा हात

भंडारा जिल्ह्यात चालणारी, फिरणारी आणि धूर सोडणारी जेवढी म्हणून यंत्रं आहेत, त्यातल्या निम्म्यांना तरी आमच्या थोरल्या साळ्यांनी एकदा चावलेलं आहे. हे मी गमतीनं म्हणत नाही. सानगडीला त्यांच्या घरासमोर पत्र्याची शेड आहे. तिथं कुणी ट्रॅक्टर घेऊन आलं, धान कापायचं हार्वेस्टर घेऊन आलं, की हे गृहस्थ आधी इंजिन चालू करायला लावतात, मग हातभर लांबीची बांबूची काडी काढतात, तिचं एक टोक इंजिनाला टेकवतात आणि दुसरं टोक दातांत धरून डोळे मिटतात. कान शाबूत असताना दातानं कशाला ऐकता, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत त्यांना विचारलं होतं. त्यावर त्यांनी मला जवळ बोलावून काडीचं टोक माझ्या दातांत दिलं आणि दुसरं टोक राइस मिलच्या चालू मोटारीला लावलं. माझ्या डोक्यात एकदम अख्खी मिल सुरू झाली. कान सगळ्यांचंच ऐकतात, शेजाऱ्याचं, बायकोचं, कोंबड्याचं. दात मात्र ज्याला लागले त्याचंच ऐकतात, असं त्यांचं शास्त्र आहे. ते मला तिथल्या तिथं पटलं, पण पुढं दोन दिवस माझी एक दाढ ठणकत होती, हेही सांगायला हवं.

मी साकोलीला कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खत, फवारणीची औषधं एवढंच माझं ज्ञान. बाकी इंजिन म्हटलं की झाकण कुठल्या बाजूनं उघडतं इथपासून माझी सुरुवात. त्यामुळे या माणसाकडे मी कायम कुतूहलानं बघत आलो. त्यांना यंत्र दुरुस्त करण्यापेक्षा त्याला झालंय काय, हे शोधण्यातच गोडी. एकदा रोग सापडला की त्यांचा रस संपतो आणि पुढचं नटबोल्टचं काम ते शाळकरी मुलानं गृहपाठ करावा तसं कंटाळत उरकतात. आलेल्या गिऱ्हाइकाची गाडी ते लगेच बघतही नाहीत. त्याला खाटेवर बसवतात, चहा पाजतात आणि सांगतात, आवाज तोंडानं काढून दाखव. आता भर बाजाराच्या दिवशी, चारचौघांत, चांगल्या मिशा असलेल्या पन्नाशीच्या माणसाला 'खर्रर्र टुक, खर्रर्र टुक' करायला लाज वाटतेच. पण सुटका नसते. टुक आधी की खर्र आधी, चढावर कसा येतो, ब्रेक दाबल्यावर कसा येतो, असं करत करत तो माणूस अर्धा तास शेडमध्ये गुरगुरत बसतो. एका शेतकऱ्यानं आपल्या पाण्याच्या पंपाचा आवाज इतका हुबेहूब काढला होता, की साळ्यांनी पंप न बघताच कुठली वॉशर फाटली ते सांगितलं, आणि वर, तुम्ही पंपापेक्षा बरे चालता, असं प्रशस्तिपत्रकही दिलं.

मात्र पंचक्रोशीत ते ओळखले जातात एका प्रश्नासाठी. कुठलंही यंत्र उघडलं, की आत डोकावून, सुस्कारा टाकून ते विचारतात, "याच्या आंधी कोनाचा हात लागला होता?"

यंत्र आपणहून बिघडत नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे. कारखान्यात ते जसं बसवलं, तसं ते मरेपर्यंत चालायला तयार असतं. मध्येच कुणीतरी उघडतं, चार बोल्टांच्या जागी तीन लावतं, वॉशरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालतं, आणि मग त्या मुक्या जिवाची दुर्दशा होते. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे आधीच्या हाताचा तपास. हा तपास ते शेडबाहेरही करतात. लग्नाच्या पंगतीत कढी फुटलेली दिसली, की वाढप्याला विचारतात, याला आधी कुणाचा हात लागला होता. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब वाढलाय म्हणून गोळी लिहून दिली, तेव्हा मागच्या वेळी हा दाब कुणी मोजला होता, अशी त्यांनी चौकशी केली होती. आमच्याकडे एकदा न्हाणीघरातला नळ गळत होता. त्यांनी तो उघडला, आत गुंडाळलेला दोरा पाहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, होता कुणीतरी गावातला. ते माझ्या अंगठ्याला बांधलेल्या चिंधीकडे बघत राहिले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. माझ्या बायकोच्या डाव्या पायात लहानपणच्या तापापासून जोर नाही. चालते, घरातलं सगळं करते, पण त्या पायानं काही दाबायचं म्हटलं तर तो ऐकत नाही. तिला गाडी शिकायची मात्र फार हौस. तिच्या या थोरल्या भावानं एकदा माझ्या जुन्या गाडीचा क्लच हातानं दाबता यावा म्हणून स्कूटरचा ब्रेक, सायकलची तार आणि नांगराचा एक तुकडा असं काहीतरी जोडून दिलं होतं. ती पहिल्यांदाच बसली, हात सुटला, आणि गाडी सानगडीच्या बाजाराच्या मैदानात बेडकासारखी तीन उड्या मारून वांग्यांच्या ढिगात थांबली. त्यानंतर पाचेक वर्षांपूर्वी मी एक जुनी, पण क्लच नसलेली, आपले गिअर आपणच बदलणारी गाडी घेतली. महिनाभरात बायको ती चालवायला लागली. तिचं माहेर मोहाडी तालुक्यातलं करडी. साळे तरुणपणी मिलच्या नोकरीपायी सानगडीला आले ते तिथलेच झाले, आणि म्हातारी आई करडीला एकटी. ती घर आणि धानाच्या बांध्या सोडून कुणाकडे यायला तयार नाही. पूर्वी मला दुकानातून सवड होईल तेव्हा, म्हणजे दोन-तीन महिन्यांतून एकदा, मी बायकोला आईकडे न्यायचो. गाडी आल्यापासून ती दर रविवारी सकाळी डबा भरायची, किल्ली घ्यायची आणि जाते म्हणून निघायची. मला विचारायची गरज तिला उरली नव्हती. तिला केवढी मोठी गोष्ट मिळाली आहे हे मला त्या वेळी कळलं नाही, हे मी कबूल करतो.

गेल्या चैत्रात त्या गाडीतून आवाज यायला लागला. गाडी जागेवर उभी, इंजिन चालू, तर पायाखालून कुठूनतरी 'टक् टक् टक् टक्' असं कोरडं काहीतरी ऐकू यायचं. गिअरचा लिव्हर मागं ओढला की आवाज बसायचा. रस्त्याला लागून वेग घेतला की आवाज नाहीसा व्हायचा, पण त्याच्या जागी अंगाला जाणवेल अशी थरथर यायची. समोरच्या खणात ठेवलेला माझा चष्मा नाचत नाचत कडेला जायचा. नागपूरला एका वर्कशॉपात नेली. त्यांनी गाडी वर उचलली, खालून टॉर्च मारली आणि सांगितलं, इंजिन गेलं. दुसरीकडे नेली, तर ते म्हणाले इंजिन उत्तम आहे, गिअरबॉक्स गेला, आणि या गाडीचा गिअरबॉक्स आता मिळणार नाही. एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत होतं, की आहे तशी विकून टाका. लाखनीचा एक जण घ्यायला तयारही झाला. मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ती उठली. बाहेर गेली, बादली भरून घेतली आणि अख्खी गाडी पुढून मागून, चाकांच्या खोबणीसकट धुऊन काढली. नंतर हात पुसत आत येऊन म्हणाली, दादाला एकदा दाखवू, मग विकू.

त्यात वावगं काही नव्हतं. मागच्या दिवाळीत याच गाडीखाली तेलाचा डाग पडायचा, तेव्हा साळ्यांनीच गिअरबॉक्स उतरवून इंजिनामागचं सील बदललं होतं, आणि त्यानंतर एक थेंब गळला नव्हता. आम्ही सानगडीला पोचलो तेव्हा त्यांनी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, आधी कुणाचा हात लागला होता. मी हसून म्हटलं, तुमचाच. तेही हसले. तो नाही म्हणत मी, म्हणाले, त्याच्यानंतरचा सांगा. मी नागपूरच्या दोन्ही वर्कशॉपांची नावं सांगितली. आपल्याला हवं ते मिळाल्यासारखी त्यांनी मान डोलावली आणि चहा सांगितला.

मग तीन दिवस जे चाललं, ते मी दुकान बंद ठेवून बघितलं. पहिला दिवस चौकशीचा. आवाज तोंडानं काढायला बायको काही लाजली नाही, पण तोंडानं नीट जमेना म्हणून तिनं साळ्यांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, स्वयंपाकघरातून स्टीलचं झाकण आणि चमचा आणला आणि झाकण थोडं सैल धरून त्याच्या कडेला चमचा मारून दाखवला. साळ्यांनी डोळे मिटून तो चार वेळा ऐकला. नंतर गाडी गावातून पायी चालण्याच्या वेगानं न्यायला लावली आणि स्वतः बॉनेटवर हात ठेवून शेजारून चालत राहिले. बाजारपेठेतून ही वरात निघाली तेव्हा लोकांना वाटलं गाडी नवीन घेतली, पूजेला चालली. दोघांनी तर मागून नमस्कारही केला. पुढं त्यांना मागच्या बाजूनं कसं ऐकू येतं ते बघायचं होतं, म्हणून ते डिकीत आडवे झाले आणि पाय बाहेर काढून सानगडीच्या वेशीपर्यंत जाऊन आले. संध्याकाळी काडी दातांत धरून ते गाडीखाली गेले. इंजिनाला लावली, शांत. गिअरबॉक्सला लावली, शांत. दोघांच्या जोडावर लावली, तशी त्यांनी काडी तोंडातून झटकन काढली आणि जबडा चोळला. बाहेर येऊन मला म्हणाले, "जवाईबापू, दोन्ही घरं चांगली हायेत. भांडन मधल्या भिंतीत होऊन राह्यलं."

ती मधली भिंत म्हणजे काय, हे त्यांनी जमिनीवर खडूनं काढून मला समजावलं. इंजिनाच्या मागच्या टोकाला एक पातळ पोलादी थाळी असते, तिला फ्लेक्स प्लेट म्हणतात. त्या थाळीला बोल्टांनी एक गोल, जाड, तेलानं भरलेला डबा जोडलेला असतो, तो कन्व्हर्टर. इंजिन थाळी फिरवतं, थाळी डबा फिरवते, आणि डब्यातलं तेल घुसळून गिअरबॉक्सला फिरवतं. साध्या गाडीत जे काम क्लच करतो, ते इथं हा डबा करतो. म्हणजे एवढी वर्षं माझ्या बायकोच्या डाव्या पायाचं काम तो डबा करत होता. मला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि मी तरी कधी विचारलं होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या एका छोट्या खिडकीतून थाळी आणि डबा यांच्यामधले बोल्ट एकेक करून काढले, डबा मागं सरकवला आणि इंजिन घडीभर चालू केलं. आता डबा फिरत नव्हता, गिअरबॉक्स फिरत नव्हता, पण आवाज होताच. म्हणजे डबा आणि गिअरबॉक्स दोघंही निर्दोष सुटले. मग काडी कानाशी, म्हणजे दाताशी, लावून इंजिनालाही त्यांनी सोडून दिलं. राहिली थाळी. ती डगमगत असेल तर किती डगमगते हे बघायला मोठ्या शहरात घड्याळासारखं एक यंत्र असतं म्हणे. आमचे साळे उठून गोठ्यामागच्या तणसाच्या ढिगाकडे गेले. धानाच्या त्या वाळक्या काड्यांमधून एकेक काडी उचलत, वाकवत, उजेडात धरत त्यांनी दहा मिनिटं घालवली, आणि बायका बांगडी निवडतात तशी एक निवडून आणली. वहिनींकडून कणकेची सुपारीएवढी गोळी घेतली. ती गोळी खिडकीच्या काठावर चिकटवून तिच्यात तणसाची काडी अशी खोवली, की तिचं टोक थाळीला जेमतेम टेकावं. मला पुढच्या बाजूनं पान्यानं इंजिन हळूहळू हातानं फिरवायला सांगितलं. मी फिरवत होतो, ते खाली उताणे पडून बघत होते. नंतर त्यांनी मला खाली बोलावलं आणि फिरवायला बायको गेली. मी गाल जमिनीला लावून पाहिलं. एका बाजूला काडी थाळीला टेकत होती. थाळी अर्धी फिरली, तर काडी आणि थाळी यांच्यामधून तांदळाचा दाणा निघून जाईल एवढी फट. पुन्हा अर्धी फिरली, पुन्हा टेकली. दोन शहरी वर्कशॉपांना जे दिसलं नाही, ते एका तणसाच्या काडीनं मला, खतं विकणाऱ्या माणसाला, दाखवलं होतं. मला इतका आनंद झाला की मी बायकोला उगीचच आणखी चार वेढे फिरवायला लावले.

तिसऱ्या दिवशी गिअरबॉक्स खाली उतरला. थाळी हातात आली. मधल्या बोल्टांच्या भोवती केसासारखी बारीक चीर अर्ध्या गोलात गेलेली होती. साळ्यांची कळी खुलली. त्यांनी ती चीर मला दाखवली, बायकोला दाखवली, वहिनींना हाक मारून दाखवली. थाळी आणून बदलली की गाडी पुन्हा उभी राहील, असं सांगून झालं. तेवढ्यावर थांबले असते तर प्रश्न मिटला होता. पण थाळी चिरली कशानं, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी इंजिनाच्या मागच्या तोंडावरून बोट फिरवायला सुरुवात केली. बोट फिरत फिरत एका जागी थांबलं. मग समोरच्या बाजूला गेलं आणि तिथंही थांबलं. त्यांनी बोट काढून घेतलं, खाली बसले आणि घासलेटनं हात धुवायला लागले. ते हात त्यांनी दोन वेळा धुतले.

त्या दोन जागी दोन भोकं होती आणि ती रिकामी होती. तिथं बोटाच्या पेराएवढे दोन पोकळ पोलादी बुश असायला हवेत. गिअरबॉक्स चढवताना तो आधी त्या बुशांवर बरोबर बसतो आणि नंतर बोल्ट आवळतात. बुश नसले तरी बोल्ट आवळले जातात, बाहेरून काही दिसत नाही, पण मध्य केसभर चुकतो. मग प्रत्येक वेढ्याला ती पातळ थाळी जराशी मुरगळते. असं महिनोन् महिने मुरगळत राहिलं की चिरते. हे सगळं मला त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं आणि खाटेवर जाऊन बसले. आणलेल्या चहावर साय धरली तरी त्यांनी हात लावला नाही.

नागपूरच्या लोकांनी गाडी नुसती वर उचलली होती, त्यांनी एक बोल्टही सोडवला नव्हता, हे मला ठाऊक होतं. साळ्यांनाही ठाऊक होतं. तरी मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, की वर्कशॉपवाल्यांनी आमच्या पाठीमागं उघडली असेल, बुश तिथंच पडले असतील, काय सांगता येतं. मला खरोखर वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. चाळीस वर्षं ज्या माणसानं जिल्ह्यातल्या प्रत्येक मेकॅनिकला आधीचा हात म्हणून धरलं, त्याच्यावर ही वेळ यावी, हे मला बघवेना. बायको आत वहिनींबरोबर शेंगा सोलत बसली होती. तिला काही सांगायची गरजही नव्हती. गाडी सुधारणार एवढंच तिला हवं होतं. साळ्यांनी तो थंड चहा बाजूला सारला. मग त्यांनी बहिणीला हाक मारली.

ती आली, उभी राहिली. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "बाई, दोन बुश मी बसवले नाही दिवाळीत. थाळी माह्याच हातानं तुटली."

आणि लगेच पुढं म्हणाले, "तू एकटी जाते त्या जंगलातून. मधात तुटली असती तं?"

बायकोनं थाळी हातात घेतली, चीर बघितली, परत खाली ठेवली. म्हणाली, "तुटली असती तं उभी राह्यली असती. तुले फोन केला असता. तू आला असता ना दादा."

मला तिथून उठून बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

बुश गेले कुठं, याचा उलगडा वहिनींनी केला. साळ्यांची काम करायची एक रीत आहे. काढलेले सुटे भाग ते सुपात, धान पाखडायच्या सुपात, ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं गोल मांडतात, म्हणजे बसवताना उलट क्रमानं उचलले की झालं. दिवाळीच्या सुमारास धान घरात आलं होतं. वहिनींना सूप हवं होतं, हे जेवायला बसले होते, म्हणून त्यांनी सुपातलं सगळं अलगद घमेल्यात ओतलं आणि पाखडायला बसल्या. दोन लहानसे बुश सुपाच्या कोपऱ्यात अडकून राहिले असणार आणि सूप झटकताना फोलासोबत उकिरड्यात गेले असणार. वहिनींना हे सांगताना रडू आलं. साळे म्हणाले, सूप घराचं आहे, माझ्या बापाचं नाही. मोजायचं काम माझं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून दोरीला बांधलं आणि कमरेइतक्या शेणखताच्या खड्ड्यात उतरले. मी म्हटलं, नवीन मिळतात. ते म्हणाले, मिळतात, पण हे मी हरवले आहेत. दुपारपर्यंत त्यांनी तीन खिळे, एक विळ्याचं टोक, वहिनींची चार वर्षांपूर्वी हरवलेली अडकित्त्याची कडी आणि एक बुश एवढं बाहेर काढलं. दुसरा मिळाला नाही. अर्धं खत तोवर बांध्यांमध्ये गेलं होतं, त्याच्याबरोबर तोही गेला असावा. तसा दुसरा त्यांनी भंडाऱ्याला लेथवर कातून घेतला.

थाळी यायला आठ दिवस लागले. गाडी जोडून झाली तेव्हा त्यांनी आवाज ऐकायला काडी काढलीच नाही; बहिणीला बसवलं आणि तिलाच विचारलं, कसं वाटतं. चिरलेली थाळी त्यांनी शेडच्या दारात खिळ्याला टांगली आहे. येणारं गिऱ्हाईक विचारो न विचारो, ते सांगतात की ही माझी. त्यांचा तो प्रसिद्ध प्रश्न अजून बंद झालेला नाही, सवय आहे ती. पण आता विचारताना त्यांचा आवाज खाली येतो, आणि आधीचा मेकॅनिक कोण ते कळल्यावर, चांगला माणूस आहे, घाईत राहिलं असेल, असं काहीतरी पुटपुटतात. आमच्या भागातल्या मेकॅनिकांना हे अजून पचलेलं नाही. तब्येत बरी आहे ना, म्हणून दोघेतिघे चौकशीही करून गेले.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी बायको करडीला निघाली, तेव्हा साळे सकाळीच सानगडीहून आले आणि मीही येतो म्हणून पुढं बसले. मी मागं. साकोली सोडल्यापासून त्यांचा तळहात समोरच्या पट्टीवर टेकलेला. लाखनीवरून आत वळलो, झाडी लागली. रस्त्याच्या कडेनं तेंदूपत्त्याचे भारे डोक्यावर घेऊन बायका चालल्या होत्या. बायको त्यांच्यामागं वेग कमी करायची, पुढं जायची, पुन्हा वेग घ्यायची, आणि गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली होती. केव्हातरी माझं लक्ष गेलं तर त्यांचा हात मांडीवर आला होता आणि डोकं काचेला लागलं होतं. ते झोपले होते. बायकोनं एकदा तिकडं पाहिलं आणि रस्त्याकडे बघत राहिली.

करडीला आईच्या अंगणात गाडी थांबली. बायकोनं लिव्हर पुढं सारला, किल्लीला हात लावला आणि तो तसाच काढून घेतला. मागं वळून मला हळूच म्हणाली, "बंद केलं तं जागा होईन दादा." आम्ही बसून राहिलो. इंजिन चालू होतं. आवाजासरशी आई घरातून पदराला हात पुसत बाहेर आली, आणि बायकोनं ओठावर बोट ठेवलं तशी पावलं न वाजवता खिडकीशी येऊन उभी राहिली. साठी उलटलेला तिचा मुलगा तोंड जरा उघडं टाकून झोपलेला. तिनं काचेतून त्याच्याकडे खूप वेळ बघितलं. मग वाकून, आम्हाला जेमतेम ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं, "जेवला का थो?"

बायकोनं मानेनंच नाही म्हटलं. आई चूल पेटवायला आत गेली, आणि आम्ही दोघं त्या चालू गाडीत तसेच बसून राहिलो.